घरगुती धंद्याची नोंदणी आणि आपली उधारी

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या अनेक दुकानांतून घरी लाटलेले पापड व घरी कुटलेला मसाला विकला जातो. चातुर्मासापूर्वी त्यांस मोठी मागणी असते. या मालाची नोंद आपल्या वहीत होते. तो करणाऱ्या भगिनीच्या घरी मात्र बहुधा भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीतच.

1 जुलै 2020 पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे. तरीही "नोंदणी करू नका, कर मागे लागेल," असा सल्ला तिला आपणच देतो. वस्तुतः ही नोंदणी कराची नव्हे. पापडावर तर वस्तू व सेवा करच नाही. मसाल्याची गोष्ट निराळी. कर्नाटकात विकलेल्या मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असल्यास सामान्यतः या कराची नोंदणी लागत नाही; परंतु तोच मसाला निपाणीहून अर्ध्या तासाच्या वाटेवरील कागलच्या दुकानी पोहोचविला, की व्यवहार आंतरराज्य ठरतो आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. जिचे माहेर व गिऱ्हाईक सीमेपलीकडे आहे, तिच्यावर हा अन्यायच होय, आणि व्यापारी मंडळांनी तो सरकारपुढे मांडला पाहिजे. 2025 च्या जुलैत राज्याच्या कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून लहान दुकानदारांस नोटिसा धाडल्या, तेव्हा तिची भीती अगदीच निराधार म्हणवत नाही.

पण आपल्या सल्ल्यात केवळ तिचीच काळजी असते काय? 2006 च्या कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, असल्यास फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. विलंबास चक्रवाढ व्याज आहे. 2023 च्या वित्त कायद्याने तर अशी थकविलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा न करण्याची तरतूद केली. खरी अडचण येथे आहे, आणि ती आपली आहे.

माझ्याच दुकानी वैशाखात घेतलेल्या पापडांचे पैसे वर्षानुवर्षे दिवाळीच्या वहीपूजनास दिले जात. उडीदडाळ मात्र ती भगिनी आमच्याकडूनच रोखीने नेई! यात काही विपरीत आहे, असे मला कधी वाटले नाही. मागील खेपेस तिच्या सुनेने नोंदणीचा कागद आणून गल्ल्यावर ठेवला. त्या मालाचे पैसे आम्ही पंधरवड्यात चुकते केले, आणि दुकानाचे काही अडले नाही.