दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को येथील विमानतळांमधील अंतर दाखवावयास सांगितले, की विद्यार्थी भिंतीवरील जगाच्या नकाशाकडे वळतो. त्या नकाशात युरोप व आफ्रिका मध्यभागी असतात. साहजिकच त्याचे बोट दिल्लीहून पश्चिमेकडे सरकते, भूमध्य समुद्र व अटलांटिक महासागर ओलांडते आणि अमेरिका खंड पार करून पलीकडच्या किनाऱ्यास लागते. नकाशावर ही रेषा सरळ दिसते. परंतु पृथ्वीवर ती जवळची वाट नव्हे.

पृथ्वीगोलावर ह्या दोन नगरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो हिमालयापलीकडे सैबेरियावरून आर्क्टिक महासागरात सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. बृहद्वृत्ताच्या ह्या कमानीची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागिले की पावणेचौदा तास! शालेय गणित येथे संपते, आणि आक्षेप आहे तो नेमका ह्या संपण्यालाच.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा विमाने अटलांटिकवरून जात. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याऐवजी पॅसिफिकवरचा सुमारे १५,३०० किलोमीटरांचा मार्ग धरण्यात आला. वाट १,४०० किलोमीटरांनी लांबली, तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. (त्या महिन्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक असतो, त्यामुळे स्थानिक घड्याळांप्रमाणे प्रवास अवघा दोन तासांचा दिसतो.)

ह्याचे श्रेय पृथ्वीच्या परिवलनास देण्याचा मोह अनेकांस होतो. तो चुकीचा आहे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो, आणि मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह पुष्कळदा ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक वेगाचा असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास तो पाठीशी मिळतो. त्याच वाटेने परतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आणि आडवा येतो तो केवळ वाराच नव्हे. २०२२ साली युक्रेनमधील युद्धानंतर रशियाचे आकाश अनेक देशांच्या विमानांस बंद झाले. हेलसिंकीहून टोकियोस जाणाऱ्या फिनलंडच्या विमानांस पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागत. आता उत्तर ध्रुवाकडून वळसा घालताना सुमारे तेरा तास लागू लागले. दोन्ही विमानतळ जागचे तसूभरही हलले नव्हते. इंधन मात्र त्या प्रत्येक जादा तासाचे जळले.

अशा स्थितीत दोन नगरांपुढे एकच आकडा छापून ‘अंतर’ म्हणून तो पाठ करविणे, हे भूगोलाचे शिक्षण म्हणता येणार नाही. पुस्तकात आकड्याशेजारी तो बृहद्वृत्ताचा की प्रत्यक्ष मार्गाचा, हे लिहावे. जाण्याचा व येण्याचा वेळ वेगवेगळा द्यावा. नकाशा भिंतीवर खुशाल राहू द्यावा, पण कपाटाच्या माथ्यावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली उतरवून मुलांच्या हाती द्यावा, आणि सोबत हातभर दोराही.