चाकांवरचे घर आणि पेट्रोलचा हिशेब

इंदूरच्या एका वाचकांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे चिरंजीव मँचेस्टरजवळ नोकरीस असून येत्या उन्हाळ्यात आईवडिलांना तिकडे बोलावून, मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून, स्कॉटलंडपर्यंत फिरवून आणण्याचा त्यांचा बेत आहे. बेत उत्तम, परंतु घरात वाद पेटला आहे तो निराळाच. मोटारीत म्हणे तीनचार 'मोड' असतात. सूनबाईंचे म्हणणे असे, की 'इको' मोड लावला म्हणजे पेट्रोल वाचेल. चिरंजिवांचा एक मित्र सांगतो, की ओझे ओढताना 'स्पोर्ट'च लावावा, इंजिनाला त्रास होत नाही. वडील विचारतात, "खरे कोणाचे? आणि पेट्रोल वाचवण्याच्या नादात आम्हां म्हाताऱ्यांना दरीत तर नेणार नाहीत ना?"

वडिलांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याकडे आम्ही येणारच आहोत.

आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटली म्हणजे मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेले फिरते घर डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातील प्रकार बहुधा वेगळा. तेथे घर निराळे आणि ते ओढणारी मोटार निराळी. मुक्कामी पोहोचले, की घर सोडून ठेवावे आणि मोटार घेऊन गावात हिंडावे. हा नाद तेथे जुना आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी १८८५ साली दोन घोड्यांची अशी गाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंड गाठले. त्यांच्या घोड्यांना मोड नव्हते. चढ आला की ते आपोआप सावकाश चालत. आमच्या मते घोड्यांचे हे शहाणपण यंत्राला शिकवण्यासाठीच पुढे एवढा खटाटोप करावा लागला.

आता मोड म्हणजे काय, ते पाहू. बटण दाबल्याने इंजिन बदलत नाही, ओझे घटत नाही, वाराही मंदावत नाही. बदलते ती इंजिनाला हुकूम देण्याची रीत. इको मोडमध्ये ॲक्सिलरेटर बोथट होतो. पाय तेवढाच दाबला तरी इंजिनाला थोडेच पेट्रोल मिळते. स्वयंचलित गिअर लवकर वरचा पडतो, आणि बऱ्याच गाड्यांत वातानुकूलनाचा जोरही कमी केला जातो. मोटार एकटी असेल, रस्ता सपाट असेल, तर ही रीत खरोखर फायद्याची आहे. इंजिन कमी फेऱ्यांत फिरले म्हणजे त्याच्या आतील घर्षणात जाणारी शक्ती वाचते.

पण मागे तेराशे किलोंचे घर असले म्हणजे चित्र पालटते. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांत, इंजिनाला ओझे पेलत नाही. वेग पडू लागतो. चालक नकळत पाय अधिक दाबतो. यंत्रणा घाईघाईने गिअर उतरवते; वेग सावरला, की इकोच्या शिकवणीप्रमाणे पुन्हा वरचा टाकते; पुन्हा वेग पडतो. असे गिअरचे वरखाली एखाद्या लांब चढावर अखंड चालू राहते. ज्या गाड्यांत इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाची टॉर्क कन्व्हर्टर जोडणी असते, तेथे या ओढाताणीत ती जोडणी वारंवार सुटते, तेल तापते. आणि ती उष्णता तुमच्याच पेट्रोलमधून आलेली असते. टर्बो पेट्रोल इंजिन फार ताणले, तर काही इंजिनांत आतील भाग थंड राखण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले जाते. डिझेलला हा शेवटचा दोष लागू नाही, आणि कमी फेऱ्यांत त्याचा जोरही चांगला. म्हणून डिझेल गाडी इकोमध्ये पेट्रोल गाडीहून बरी ओढते.

स्पोर्टची गोष्ट उलटी. तो खालचा गिअर धरून ठेवतो, त्यामुळे चढावर इंजिन मोकळे चालते. पण सपाटीवरही सोडत नाही. गरज नसताना इंजिन गरगर फिरत राहते आणि त्याचे दाम आपण मोजतो. तेव्हा मित्राचा सल्ला चढापुरता खरा, सूनबाईंचा सपाटीपुरता. गाडीत खास ओझे ओढण्याचा मोड असेल, तर दोन्ही वाद मिटतात. तो गिअर उशिरा बदलतो, वरखाली टाळतो आणि उतारावर स्वतः होऊन खालचा गिअर धरतो. तो नसेल, तर चढाच्या पायथ्याशी हाताने गिअर उतरवून तेथेच ठेवावा. भेरूघाट चढणारा आपला कोणताही जुना ट्रकचालक हेच करतो.

हे सर्व खरे असले, तरी वाद मुळात चुकीच्या जागी पेटला आहे असे आमचे मत आहे. कॅरव्हॅनमागे पेट्रोल खातो तो वारा.

पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण तीस टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे धरून आम्ही एक ढोबळ हिशेब केला. मँचेस्टरहून स्कॉटलंडला जाताना एम ६ हा मोठा रस्ता शॅप नावाच्या डोंगराळ भागावरून जातो. तेथे त्याची उंची सुमारे ३१६ मीटर आहे. सतराशे किलोंची मोटार आणि तेराशे किलोंची कॅरव्हॅन, म्हणजे तीन हजार किलो वजन, तीनशे मीटर वर उचलण्यास सुमारे ९० लाख ज्यूल शक्ती लागते. पेट्रोलमध्ये सांगायचे तर जेमतेम एक लिटर. एवढा मोठा डोंगर, आणि खर्च एक लिटर! त्यातलाही काही भाग उतरताना परत मिळतो.

वाऱ्याचे मात्र तसे नाही. कॅरव्हॅन मोटारीपेक्षा रुंद आणि बरीच उंच असते; मोटारीच्या डोक्यावरून वर आलेली तिची सपाट छाती वारा अडवते, आणि मागची सपाट पाठ त्याला ओढत नेते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० मैलांवरून ६० मैलांवर गेलो, तर वेग वाढला पाचव्या हिश्श्याने. विरोध वाढला ४४ टक्क्यांनी. मध्यम आकाराच्या कॅरव्हॅनसाठी हा फरक आमच्या हिशेबाने दर शंभर किलोमीटरला सुमारे तीन लिटर पेट्रोलचा होतो. आणि वाचतात किती मिनिटे? शंभर किलोमीटरला बारा-तेरा. शॅपचा सबंध डोंगर चढण्याच्या तिप्पट पेट्रोल तेरा मिनिटांपायी हवेत जाते. मोड बदलून एवढी बचत होईल अशी आशा आम्हांला दिसत नाही. समोरून वारा सुटला असेल, तर मोडमधला फरक त्यात कोठल्या कोठे बुडून जातो.

तेथील कायदाही या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीस मोटरवे व दुहेरी रस्त्यांवर ताशी ६० मैलांची, तर साध्या एकेरी रस्त्यांवर ५० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक पदरांच्या मोटरवेवर सर्वांत उजव्या पदरात जाण्यास बंदी आहे. तेव्हा ५० ते ५५ च्या बेताने डाव्या पदरातून जाण्यात कमीपणा नाही. बाजूने ट्रकही त्याच गतीने चाललेले असतात. मात्र एकाएकी मंद होऊन मागच्यांचा खोळंबा करू नये.

आता वडिलांचा दुसरा प्रश्न. चढावरच्या पेट्रोलची चर्चा सगळेच करतात. संकट असते ते उतारावर. आपल्याकडे अजूनही पुष्कळ मंडळी उतार आला की गाडी न्यूट्रल करून सोडून देतात आणि पेट्रोल वाचवले म्हणून खूश होतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात त्याला काही आधार असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जळतच राहते. म्हणजे लांब उतारावर या युक्तीने बचत होत नाहीच, शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्याने सर्व भार ब्रेकवर येतो.

हे सांगण्याचे कारण असे, की काही गाड्यांचा इको मोड हेच काम गुपचूप करतो. पाय काढताच तो इंजिन चाकांपासून सोडवतो आणि गाडी वाहत जाऊ देतो. कॅरव्हॅनची विजेची जोडणी लागली, की बऱ्याच गाड्या ही सोय आपोआप बंद करतात. पण सगळ्या करतात असे गृहीत धरू नये. चिरंजिवांनी गाडीची पुस्तिका उघडून तेवढे पान निघण्यापूर्वी वाचावे, ही आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे. मागून तेराशे किलो ढकलत असताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तो तापतो, आणि फार तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. तिकडील कॅरव्हॅनचे ब्रेक बहुधा ढकलण्याच्या दाबानेच लागतात, म्हणून तेही सोबत तापतात. उतार लागण्यापूर्वीच वेग उतरवावा, खालचा गिअर धरावा, आणि ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून मग सोडावा. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉट नावाची खिंड आहे, तिचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे. तिकडे कॅरव्हॅन नेण्याचा विचारही करू नये.

सामान भरण्याचे काम बहुधा सासूबाईंच्या वाट्याला येईल, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. पिठाचे डबे, कुकर, पाण्याचे कॅन हे जड जिन्नस कॅरव्हॅनच्या तळाशी आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावेत. मागच्या टोकाला कधीही नाही. जोडणीवर पडणारा भार कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, असे तिकडे सांगतात. मात्र गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादा त्याहून कमी असेल, तर तीच पाळावी. मागे भार झाला, तर कॅरव्हॅन सापासारखी डोलू लागते, आणि ते डोलणे वेगाबरोबर वाढते. चाकांतील हवा ओझ्याच्या प्रमाणात भरलेली असावी. हवा कमी असेल, तर पेट्रोलही जास्त जाते आणि टायरही तापतो.

मोटार विजेवर चालणारी असेल, तर हिशेबाचे तत्त्व तेच. फक्त एका चार्जिंगमध्ये जाण्याचे अंतर कॅरव्हॅनमुळे सुमारे निम्म्यावर येऊ शकते, आणि चार्जिंगच्या पुष्कळ जागी घर सोडून ठेवल्याखेरीज मोटार लावताच येत नाही. मुक्काम त्या मानाने जवळचे धरावेत.

राहता राहिली सासरे-सूनबाईंची पैज. गाडीच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा प्रमाण मानू नये. टाकी काठोकाठ भरून निघावे, ठरावीक अंतर एकाच वेगाने जावे, पुन्हा काठोकाठ भरून लिटर मोजावेत. आणि तोच रस्ता परतीच्या दिशेनेही मोजावा, म्हणजे वारा व चढउतार यांची वजावट होते. एकदा इकोत, एकदा साध्या मोडमध्ये, आणि एकदा वेग दहा मैलांनी कमी करून. तिन्ही आकडे आम्हांला अवश्य कळवावेत. याच सदरात, नावे न देता, छापू.