फुकटचं नेट महागात पडेल!

मैत्रिणींनो, 'नेट न्यूट्रॅलिटी' हा शब्द दिसला की आपण पान उलटतो. 'हे मुलांना विचारा', असं म्हणून मोकळ्या होतो. पण गोष्ट अगदी सोपी आहे. महावितरण मीटर बघून बिल देतं. मिक्सर कुठल्या कंपनीचा, हे विचारत नाही. तसंच मोबाइल कंपनीनं डेटाचे पैसे घ्यावेत. त्यावर आपण काय बघतो, यावरून दर किंवा वेग बदलू नये. एवढंच!

हा नियम सहज मिळालेला नाही बरं का. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुक आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सनं 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणलं. त्यात आपला महाराष्ट्रही होता आणि मराठीही. निवडक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. पुढे त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं. त्याच वर्षी लोकांनी नेट सगळ्यांना सारखं राहावं म्हणून 'ट्राय'कडे दहा लाखांहून जास्त ई-मेल पाठवले. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं अशा वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. २०१८ मध्ये वेगातल्या भेदभावालाही मनाई झाली.

तुम्ही म्हणाल, फुकट मिळत होतं ते काय वाईट? प्रश्न खरा आहे. घरात आधी मुलांचा रिचार्ज, मग 'ह्यांचा', उरलं तर आपला! पण फुकटच्या यादीत कोण बसणार, हे ठरवणार कोण? आपल्या जळगावात बचत गटाच्या बाया बिबडे, पापड, केळीचे वेफर्स करतात. नियम गेला, तर मोठी कंपनी करार करून आपलं ऑनलाइन दुकान फुकट उघडून देईल. बचत गटाच्या साइटवर मात्र गिऱ्हाइकाचा डेटा खर्च होईल, वर ती उघडेलही रखडत. मग बिबडे कितीही चवदार असोत, गिऱ्हाईक फिरकेल का?

अमेरिकेत हे नियम २०१७ मध्ये काढायचं ठरलं, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं रद्द केले. आपल्याकडेही मोबाइल कंपन्यांची मागणी आहे, की मोठ्या ॲपवाल्यांनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा उचलावा. वरवर पाहता हे दोन बड्यांचं भांडण. पण तो वाटा वर्गणी वाढवून आपल्याकडूनच वसूल होऊ शकतो. शिवाय पैसे मोजणारा म्हणेल, 'मग माझं आधी पोहोचवा.' तिथूनच भेदभाव सुरू होतो.

गरीब बाईला नेट द्यायचंय ना? मग डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनंच मार्ग सुचवला होता. खेड्यातल्या ग्राहकाला महिन्याला १०० एमबीसारखा थोडा डेटा फुकट द्या. तो कुठं वापरायचा, ते तिचं तिला ठरवू द्या. मला हेच पटतं. बाईला बाजारात जायला गाडीभाडं द्यावं. दुकान तिनं निवडावं!