लीजची गाडी परत करताना

मागच्या महिन्यात पुण्याला मुलाकडे गेले होते. पोटमाळ्यावरून पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढले, तर डब्याच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली चार चाकं! मुलगा म्हणाला, "आई, ती गाडीची मूळची चाकं आहेत. लीज या महिन्यात संपतंय, आता परत बसवायची."

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याची गाडी नोकरीतून चार वर्षांच्या कराराने मिळालेली. दरमहा भाडं पगारातून कापलं जातं, आरसीवर मालक म्हणून लीज कंपनीचं नाव. मुदत संपली की गाडी परत द्यायची. ती तपासतात आणि काही बिघडलं असेल तर पैसे कापून घेतात.

आमच्या चिरंजीवांनी मात्र पहिल्या सहा महिन्यांतच गाडी सजवली होती. मोठी अलॉय व्हील, मोठ्या स्क्रीनचा म्युझिक सिस्टीम, पुढच्या बंपरला दोन जादा दिवे, सीट कव्हर, काचांना फिल्म. एकदा पोलिसांनी दंड केल्यावर फिल्म निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बंदी घातली होती, हे त्याला तेव्हा कळलं. बाकी सगळं तसंच होतं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला होता, "साहेब, मूळ चाकांवरचे टायर जेमतेम सहा महिने वापरलेले. ते कशाला देताय? माझ्याकडे त्याच मापाचे जुने पडलेत, ते चढवून देतो. तपासणारा चार आहेत का तेवढंच बघतो." मुलाने हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. दिव्यांसाठी गाडीची मूळ वायर कापून जोड दिला होता. तो टेप गुंडाळून झाकला की दिसणार नाही, असंही ठरलं होतं.

मी म्हटलं, "अरे, ही चोरीच झाली की."

तो चिडला. "आई, चार वर्षं भाडं भरलंय मी. त्यांनी सगळं आधीच किमतीत धरलेलं असतं. आणि ती एवढी मोठी कंपनी!"

त्याच्या म्हणण्यातला पहिला भाग मी गांभीर्याने घेतला, कारण हिशेब हा माझा विषय. मी वहीचं पान काढून त्याला मांडून दाखवलं. समजा गाडी १० लाखांची आणि चार वर्षांनी तिची किंमत ४ लाख राहील असं कंपनीने धरलं. मग तुझ्या भाड्यातून ती वसूल करते मधले ६ लाख, म्हणजे घसारा, आणि वर व्याज व खर्च. उरलेले ४ लाख तू कधी भरलेच नाहीस. ती किंमत त्या गाडीतच आहे, टायरमध्ये, वायरमध्ये, बंपरमध्ये. वापरून झिजलं ते भाड्यात आलं. काढून ठेवलं ते भाड्यात येत नाही.

आमच्या वेळी बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा होता. त्यात निक्षेप नावाचं प्रकरण होतं. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी आपल्या ताब्यात आली, तर शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची आणि मुदत संपताच, मागायची वाट न बघता, परत द्यायची. परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण घरात ते त्याआधीच शिकले होते. शेजारणीचं पातेलं आणलं तर घासून परत द्यायचं, रिकामं द्यायचं नाही, आत दोन लाडू तरी ठेवायचे. पण त्या पातेल्यावर आपलं नाव कोरून घ्यायचं नसतं, आणि तिचं जाड बुडाचं ठेवून घेऊन आपलं पातळ पातेलं तर नक्कीच पाठवायचं नसतं.

"एवढी मोठी कंपनी" या भागाला माझं उत्तर वेगळं होतं. टायर कंपनी वापरणार नाही. परत आलेली गाडी कंपनी विकून टाकते. कुणीतरी तरुण जोडपं पै-पै साठवून ती घेईल, मागे लेकरू बसवेल, आणि पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरेल. टायरच्या खाचांतून रस्त्यावरचं पाणी बाहेर जातं. त्यांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बाद समजायचा. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. टेपखालची वायर तर त्यांना दिसणारही नाही, गरम होऊन वास येईल तेव्हाच कळेल. फसवणूक कंपनीची होईल, पण भोगेल तिसराच.

आपल्याकडे अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा प्रतिरूपकव्यवहार. अस्सल वस्तूच्या जागी तशीच दिसणारी हलकी वस्तू खपवणं. दुधात पाणी, तुपात डालडा, असंच मी आजवर समजत होते. टायर त्यात कधी धरले नव्हते.

आणि इथे मला गप्प बसावं लागलं, कारण मला आमचा नळ आठवला.

लग्नानंतर आम्ही सांगलीत भाड्याच्या घरात अकरा वर्षं राहिलो. न्हाणीघरात मालकांचा जुना, जड पितळी नळ होता. घर सोडताना प्लंबर म्हणाला, असा नळ आता मिळत नाही. मी तो काढून घेतला आणि प्लास्टिकचा बसवला. मालक कधी काही बोलले नाहीत. आज ते हयात नाहीत. तो नळ आमच्या परसातल्या टाकीला आहे, रोज त्यानेच झाडांना पाणी घालते. हे मी मुलाला त्या रात्री सांगितलं. त्याच्या लहानपणापासून तो त्या नळाखाली पाय धूत आलाय. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मूळ चाकं त्यांच्याच टायरसकट गाडीला लागली. मूळ प्लेअर खोक्यातून निघून जागेवर बसला. वायर अधिकृत वर्कशॉपमध्ये बदलून घेतली, त्याचे सहा हजार गेले. बंपरची दोन भोकं काही बुजली नाहीत. ती त्याने तपासणाऱ्याला स्वतः दाखवली आणि त्याचेही पैसे कापले गेले. अलॉय व्हील निम्म्या किमतीत विकली. दोन दिवस घरात अबोला होता. सूनबाई मात्र हळूच म्हणाली, "आई, बरं झालं तुम्ही होतात."

लीज कंपन्या काही साध्यासुध्या नसतात, हेही खरं. साध्या ओरखड्याचेही पैसे लावतात. म्हणून आपली बाजूही नीट ठेवावी. गाडी घेतानाच चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढावेत. कुठल्या झिजेचे पैसे कापणार, ते करारात आधी वाचावं. काही बसवायचं असेल तर परवानगी लेखी घ्यावी, मूळ भाग चिठ्ठी लावून जपावेत, आणि भोक पाडावं लागेल, वायर कापावी लागेल असं काही करूच नये. सीटमध्ये एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालू नये, एअरबॅग उघडताना अडते. आणि गाडी स्वतःची असली तरी वाटेल ते बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

आपण बसवलेलं आपण न्यावं, त्यात गैर काही नाही. मूळचं होतं ते जागेवर ठेवावं. जे पूर्ववत होत नाही ते तोंडाने सांगावं. माझं मत एवढंच आहे.

नळाचं काय करायचं ते अजून ठरत नाही. मालकांचा मुलगा मिरजेला असतो असं कळलंय. पितळी नळ घेऊन एका म्हातारीने दारात उभं राहावं, हे हसण्यासारखंच. तरी पर्युषणाच्या आत जाऊन यावं म्हणते. तुम्ही काय केलं असतं, सांगा.