साखळीतलं ‘तिखट’ कुत्रं: वस्तीवरच्या त्रासाचं मूळ मालकाच्याच दारात

सकाळी शाळेला निघालेली वस्तीवरची पोरं एका ठराविक वळणावर सायकलवरून उतरतात. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात दगड. पुढचं शेड मागं पडलं की दगड टाकून परत सायकलवर बसतात. त्या शेडपाशी कुणाचं तरी ‘तिखट’ कुत्रं असतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत असं एकही वळण नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल. आशाताई, मीटरचं रीडिंग घेणारा, दुधाचे कॅन नेणारा, सगळ्यांना ही वळणं पाठ झालेली आहेत.

कुत्र्यांची चर्चा सध्या देशभर सुरू आहे. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणच्या आवारातली भटकी कुत्री हलवण्याचा आणि ही आवारं बंदिस्त करण्याचा आदेश दिला. त्याआधी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून दोन वेळा आदेश झाले. पण ही सगळी चर्चा भटक्या कुत्र्यांची. गावाकडं पोरांच्या अंगावर जाणारं कुत्रं बऱ्याचदा भटकं नसतंच. त्याला नाव असतं, गळ्यात पट्टा असतो, दोन वेळची भाकरी असते. चावायच्या आधी ते ‘आमचा टायगर’ असतं. चावलं की मालक म्हणतो, “ते आमचं न्हाई, असंच येऊन पडतंय.”

वस्तीवर कुत्रं लागतंच, यात वाद नाही. शेळ्या चोरीला जातात, विहिरीवरची केबल कापून नेतात, द्राक्षबागेत रात्री कोण शिरलं हे कुत्र्याशिवाय कळत नाही. अडचण कुत्रं पाळण्यात नाही, ते ज्या पद्धतीनं वाढवलं जातं त्यात आहे.

सुरुवात पिल्लू आणण्यापासूनच चुकते. महिन्याचं पिल्लू उचलून आणायचं, कारण लहान आणलं की लळा लागतो अशी समजूत. खरं म्हणजे पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं. तिथं ते खेळता खेळता चावतं, भावंड केकाटतं, आई दटावते, आणि किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे त्याला कळतं. हा धडा चुकलेलं कुत्रं पुढं गमतीत धरलं तरी दात रुतवतं. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ साली केंद्राने केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. मोबाईलवर फोटो बघून पिल्लू बुक करणारा हे विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. साधारण तीन आठवड्यांपासून साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. माणसं, लहान पोरं, मोटारसायकल, काठी घेतलेला म्हातारा, शेळ्या, ट्रॅक्टर. नेमकं याच वयात त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात बांधून टाकतात. काही जण तर मुद्दाम अंधारात कोंडतात, मिरची चारतात, कान कापतात, का तर कुत्रं तिखट व्हावं म्हणून. यातून कुत्रं शूर होत नाही, भित्रं होतं. आणि भित्रं कुत्रं फार वाईट. चोर बघून ते शेडमागं जाईल आणि चेंडू आणायला आलेल्या पोराच्या पिंडरीला धरेल.

साखळीनं त्यात भर पडते. मोकळं कुत्रं घाबरलं तर चार पावलं मागं सरतं. चार फुटांच्या साखळीतल्या कुत्र्याला मागं सरायला जागाच नसते, मग पुढं झेपावणं हा एकच मार्ग उरतो. दिवसभर असं तडफडलेलं कुत्रं रात्री सोडलं की रस्ताभर धावतं. मोटारसायकलमागं लागायची सवयही अशीच लागते. गाडी येते, कुत्रं भुंकत मागं पळतं, गाडी निघून जाते. गाडी तशीही जाणारच होती, पण कुत्र्याला वाटतं आपणच हाकलली. दिवसातून दहा वेळा त्याला असं यश मिळतं आणि सवय पक्की होत जाते. मग एखादा गडी तोल जाऊन चारीत पडतो आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं.

मारून हे सुटत नाही. पाहुण्याच्या अंगावर गेलेलं कुत्रं दहा मिनिटांनी परत आल्यावर मालक त्याला काठीनं झोडपतो. कुत्र्याला एवढंच कळतं की घरी आलो की मार बसतो. पुढच्या वेळी ते हाक मारूनही येत नाही. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर ते गुरगुरणं सोडतं आणि सरळ चावतं. “काही न करता चावलं” असं जे लोक सांगतात, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांना आधी गुरगुरण्याबद्दल मार बसलेला असतो. त्यात घरात प्रत्येकाचा कायदा वेगळा. आजी ताटातला तुकडा टाकते, पोरगा त्याच तुकड्यासाठी लाथ घालतो.

याउलट मेंढपाळाच्या वाड्यावरचं कुत्रं बघा. पिल्लू जन्मतं ते कोकरांच्या शेजारीच. मेंढरांत, पोराबाळांत, चालत्या तळात ते वाढतं. त्याला कुणी शिकवणी लावलेली नसते. लांडगा आला की ते तुटून पडतं, पण मेंढराला दात लावत नाही. परक्या माणसावर तेही रात्री धावून येतं, यात शंका नाही. पण धन्यानं एकदा हाटकलं की मागं फिरतं. दिवसभर माणसाबरोबर चालल्यानं अंगातली रगही जिरलेली असते. हे कुत्रं साधं गावठी असतं, नाहीतर कारवानी. वस्तीवर बांधलेला हजारोंचा रॉटवायलर ते करू शकत नाही, त्यात जातीचा दोष कमी आणि बांधणाऱ्याचा जास्त.

जातीवर बंदी घालायचा प्रयत्नही झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी आणण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर जखम मोठी होते हे खरंच, त्यामुळं अशी जात पाळणाऱ्यावर जबाबदारीही मोठी येते. पण पोरांना दगड उचलायला लावणारी बहुतेक कुत्री या यादीत कधी नव्हतीच.

कायदा आहे, तो कुणी वाचत नाही. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरीकडं १९६० चा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा सांगतो, की अवाजवी आखूड किंवा जड साखळीत जनावर फार वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. म्हणजे मोकाट सोडलं तरी मालक जबाबदार आणि बांधून कुजवलं तरीही.

मधला मार्ग खर्चिक नाही. काही वस्त्यांवर दोन खांबांना तार ओढून तिच्यात कडी घालतात आणि कडीला साखळी अडकवतात. कुत्रं तारेभर फिरतं, रस्त्यापर्यंत पोचत नाही. संध्याकाळी पाणी पाजायला जाताना त्याला बरोबर नेलं तरी पुष्कळ फरक पडतो. पिल्लू लहान असतानाच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून भाकरीचा तुकडा द्यावा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचावी आणि ती दरवर्षी चुकवू नये. नसबंदीला मात्र लोक नाक मुरडतात. मग भादव्यात नर गावभर भांडत फिरतात, आणि कुत्री व्यायली की पिल्लं पोत्यात घालून बाजाराच्या रस्त्याला सोडली जातात. कोर्ट ज्या भटक्या कुत्र्यांबद्दल बोलतंय, त्यातली कितीतरी अशीच पोत्यातून आलेली.

चावा झालाच तर चुना, हळद, मिरची काही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्रं घरचं आहे, लस झालेली आहे, म्हणून घरी बसू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला, आता लस दंडात देतात. डॉक्टर देतील त्या तारखांचे सगळे डोस घ्यावेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज नाही.

ग्रामसभेत कुत्र्यांचा विषय निघतो तेव्हा मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा ठराव होतो आणि सगळे हात वर करतात. गावात पाळलेली कुत्री किती, कुणाची, लस टोचलेली किती, रात्री सोडलेली किती, हे मात्र कुणी विचारत नाही. ती यादी करायला पंचायतीला कोर्टाच्या आदेशाची गरज नाही. एक वही आणि दोन दिवस पुरतात. फक्त वहीतली पहिली काही नावं हात वर करणाऱ्यांचीच निघतील.