वही फाडू नका
‘घरंदाज बायकांचा फावल्या वेळातला छंद.’ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लिश बायकांच्या चित्रवह्यांबद्दल हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच, आणि दर वेळी माझी सटकते.

ॲन वॅग्नरची वही बघा. कवयित्री फेलिशिया हेमन्सची ही मावशी. १७९५ ते १८३४, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं ती एकच वही भरत होती. जलरंगातली चित्रं, कागदी कातरकाम, मित्रमैत्रिणींनी लिहून दिलेल्या कविता, केसांच्या बटासुद्धा. वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे आणि स्कॅन मोबाइलवर फुकट दिसतात. त्यातलं प्रत्येक चित्र ग्रेट नाही, मान्य. पण चाळीस वर्षं चाललेल्या कामाला छंद म्हणायचं?

आणि हे ठरवणारे कोण? रॉयल अकॅडमीच्या १७६८च्या संस्थापकांत दोन बायका होत्या. त्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट, तीही १९३६ मध्ये! अकॅडमीच्या शाळेत १८६० मध्ये लॉरा हरफर्डला प्रवेश मिळाला, कारण तिने चित्रावर नावाची फक्त आद्याक्षरं घातली होती. आधी दार लावून घ्यायचं, मग बाहेरच्यांना हौशी म्हणायचं. भारी आहे.

पण माझा खरा राग वह्या फाडून विकणाऱ्यांवर आहे. नामवंत चित्रकाराचं एखादं पान सापडलं की ते सुटं काढायचं, फ्रेम करायचं. मेरी इम्पीने कलकत्त्यात शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून काढून घेतलेली तीनशेहून अधिक चित्रं १८१०च्या लंडनमधल्या लिलावात अशीच पांगली. चित्रं वाचली, संग्रह गेला.

मी दिवसभर डेटाबेसशी झटतो. टेबलांमधली नाती पुसली तर एकही ओळ डिलीट न होता माहिती मरते. वहीचंही तेच: कोणाच्या चित्रासमोर कोणाची कविता, कोणतं पान कोरं सोडलं, मागच्या बाजूला काय लिहिलं. संग्रहालयांच्या वेबसाइटही कधीकधी हेच करतात, फक्त कात्री न वापरता. सर्चमध्ये एकच चित्र येतं, खाली ‘चित्रकार अज्ञात’. जिने ते निवडून चिकटवलं, तिच्या नावासाठी रकानाच नाही.

तो रकाना आधी टाका. मग पानं दाखवा, वहीतल्या क्रमाने, कोऱ्या पानांसकट.