निकालपत्रकाचा उत्तरार्ध
२०२६ च्या जानेवारीत १९ ते २३ या तारखांना आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ४३७ किलोमीटरांची मजल मारून जी पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत पार पडली, तिचा विजेता, न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे, सर्वतोमुखी झाला. परंतु प्रशिक्षक आणि पंच या नात्याने ज्याचे मनन आपण करावयास हवे, तो निकालपत्रकाचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी उघडून पाहिला नाही, याची आम्हांस मनापासून खंत वाटते.

अनेक टप्प्यांच्या शर्यतीत विजय ठरतो तो सर्व टप्प्यांच्या वेळांच्या बेरजेवर. एकसंध थव्यातून आलेल्या पहिल्या व चाळिसाव्या स्वारास एकच वेळ मिळते. मात्र मध्ये सामान्यतः एका सेकंदाची फट पडली की मागच्यांची वेळ निराळी धरली जाते, आणि म्हणूनच पुरंदराचा चढउतार ओलांडून बारामतीच्या बाजूस उघड्या माळावर आडवा वारा झोंबू लागला असता थव्याच्या शेपटाशी रेंगाळणारा गडी, पाय शाबूत असूनही, हिशेबात बुडतो. एकेका सेकंदाचे मोल किती, ते पाहा: १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये ५० सेकंदांची आघाडी घेऊन अखेरच्या दिवशी निघालेला फ्रेंच स्वार फिन्यों, व्हर्साय ते पॅरिस या अवघ्या २४.५ किलोमीटरांच्या घड्याळी शर्यतीत ती गमावून, सुमारे ३,२८५ किलोमीटरांनंतर अमेरिकी प्रतिस्पर्धी लेमाँडपेक्षा ८ सेकंदांनी मागे राहिला.

आमच्या तालुक्यांतील शर्यतींत काय घडते? रेषेशी एकजण छातीवरचे क्रमांक मोठ्याने पुकारतो, दुसरा वहीत टिपतो, आणि बक्षिसाचे मानकरी पुरे होताच लेखणीला टोपण बसते. मागून घामाघूम येणाऱ्या पोरापोरींची दफ्तरी नोंदच राहत नाही; मग पुढील वर्षी त्यांची प्रगती झाली की पीछेहाट, हे प्रशिक्षकाने कशावरून ताडावे? रेषेच्या नेमक्या सरळीत तिपाईवर रोवलेला एक साधा कॅमेरा, पुढच्या चाकाच्या टायरची कड रेषेला भिडते तो क्षण दाखवणारा, आणि घड्याळ सांभाळणारी दोन दक्ष माणसे, इतक्या सरंजामावर हे काम भागते. पत्रकात वाऱ्याची दिशा आणि कोण कोणत्या घोळक्यातून आला हा तपशील आला, तर त्याचे मोल दुणावेल.

यवतहून भुलेश्वरच्या घाटाकडे सरावास नेणाऱ्या आणि शिरूर-दौंडात शर्यती भरवणाऱ्या सर्व मंडळांस आमची विनंती आहे की, येत्या हंगामापासून त्यांनी अशी पत्रके आमच्याकडे धाडावीत. अखेरच्या स्वाराच्या नावासह व वेळेसह ती आम्ही अविकल छापू.